सावलीतला सोनटक्का

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



मला बागेवर बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. सगळ्या बागेवर बोलायचं तर रात्र पुरायची नाही, म्हणून मी एकाच झाडावर बोलणार आहे, आणि तेही एकाच जागेसाठी. जागा तुमच्या ओळखीची आहे. इमारतीच्या मागची, उत्तरेकडची पट्टी. एका बाजूला स्वयंपाकघरांच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला चिऱ्याचा गडगा, आणि टोकाला आपली विहीर.

मागच्या वार्षिक सभेत या पट्टीचा विषय निघाला होता. तिथे काही उगवत नाही, पावसात चिखल होतो, शेवाळ धरतं, तेव्हा सिमेंट करून पेव्हर ब्लॉक घालून टाकावेत, अशी सूचना आली. निर्णय पुढच्या सभेवर गेला. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निर्णय होण्याआधी त्या पट्टीची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून मी उभी आहे.

आधी 'तिथे काही उगवत नाही' हे तपासून पाहू. आजवर तिथे काय काय लावलं गेलं? गुलाब, मोगरा, झेंडू, जास्वंद. ही सगळी उन्हाची झाडं. मोगऱ्याला भरपूर ऊन मिळालं तरच तो कळ्या धरतो, आणि गुलाब सावलीत नुसता उंच वाढून किडीला बळी पडतो. त्यात २५ वर्षांपूर्वी कोपऱ्यात लावलेले आंबा आणि फणस आता मोठे झाले आहेत. त्यांची सावली ही आपली कमाई आहे. सावलीत उन्हाचं झाड मेलं तर दोष जमिनीचा नसतो. जागा बघून झाड निवडायचं असतं.

आणि ही सावली बारा महिने सारखी नसते. लांजा साधारण १७ अंश अक्षांशावर येतं. मे महिन्याचा पहिला आठवडा संपता संपता दुपारचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि मग उत्तरेकडे सरकतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे या तीन महिन्यांत आपल्या उत्तरेच्या पट्टीत उजेड येतो. त्यातला जून-जुलै ढगांत जातो हे खरं, पण ढगांतूनही उजेड झिरपतोच. ऑगस्टनंतर मात्र इमारतीची सावली परत पडायला लागते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत हटत नाही. तर आपल्याला असं झाड हवं, जे मे-जूनमध्ये फुटेल, पावसात वाढेल, आणि सावली परत आली की फुलेल. असं झाड आपल्या माहितीचं आहे. ते म्हणजे सोनटक्का.

आपल्यातल्या ज्येष्ठांना सोनटक्क्याची ओळख करून द्यायची गरज नाही. जुन्या घरांच्या मागे न्हाणी असायची. न्हाणीचं पाणी परसात सोडलेलं असायचं, आणि त्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ आणि सोनटक्का असे ओळीने उभे असायचे. कुणी मुद्दाम पाणी घालत नव्हतं, खत देत नव्हतं. ओल, सावली आणि राखेची टोपली एवढ्यावर श्रावण-भाद्रपदात घरभर वास यायचा. गणपतीला फुलं, गौरीला फुलं, आणि उरलेली केसात. आपण परसदाराच्या घरातून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पुढचं अंगण पार्किंगच्या रूपाने बरोबर आलं, परस मात्र मागेच राहिलं. माझं म्हणणं असं की आपलं परस गेलेलं नाही. ही मागची पट्टी म्हणजेच आपल्या सोसायटीचं परस.

आता झाडाची थोडी माहिती. मुलं पुढे बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. सोनटक्का हा आलं, हळद आणि वेलची यांच्या कुळातला. पान हळदीच्या पानासारखं लांब, पण दांड्याच्या दोन्ही बाजूंनी एकाआड एक ओळीत लागलेलं. उंची चार फुटांपासून सहा-सात फुटांपर्यंत जाते. जमिनीखाली आल्यासारखा गड्डा असतो आणि तो आडवा पसरतो. दरवर्षी त्याच गड्ड्याच्या डोळ्यांतून नवे दांडे येतात, म्हणून एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो.

दांड्याच्या शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं. प्रत्येक खवल्याआड दोन ते सहा कळ्या असतात आणि त्या एकदम न उमलता पाळीपाळीने उमलतात. एक फूल जेमतेम एक दिवस टिकतं, पण कणीस दोन-तीन आठवडे फुलं देत राहतं. फूल पांढरंशुभ्र, पंख उघडून बसलेल्या फुलपाखरासारखं. आपल्याला जी सर्वांत मोठी, मध्ये चिरलेली पाकळी दिसते, ती खरं म्हणजे पाकळीच नाही. पुंकेसरांचंच रूप पालटून ती झालेली आहे. परागकण देणारा खरा पुंकेसर एकच. त्याच्या खोबणीतून स्त्रीकेसराचा दोरा वर आलेला असतो. मुलांनी एकदा भिंग घेऊन पाहावं, शाळेच्या वहीत काढायला उत्तम चित्र आहे.

फूल पांढरं का, संध्याकाळी का उमलतं, आणि वास रात्री का वाढतो, याचं उत्तर पाहुण्यात आहे. या फुलाची नळी लांब आणि बारीक असते. मध तळाशी. तिथवर पोचायला लांब सोंड लागते, आणि अशी सोंड रात्री हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांना असते. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो आणि वास लांबून कळतो. आपण गजऱ्यात माळतो तो सुगंध खरं तर पतंगांना धाडलेलं आमंत्रण आहे. आपण मधल्यामधे जेवून येतो, एवढंच.

त्याचं शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. हे नाव १७८३ साली प्रसिद्ध झालं. ते देणारा योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य होता आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत त्याने काम केलं होतं. नावातला ग्रीक भाग 'गोड' आणि 'हिम' या दोन शब्दांपासून बनला आहे, आणि लॅटिन भागाचा अर्थ हारासाठी किंवा मुकुटासाठी वापरायचं. म्हणजे गोड वासाचं, माळायचं हिम. आपण त्याच्या नावात सोनं घातलं, त्यांनी बर्फ घातला. बंगालीत त्याला दोलनचांपा म्हणतात, कन्नडमध्ये सुरुळी सुगंधी. त्याचं मूळ घर पूर्व हिमालय आणि त्याच्या आसपासचा ओला डोंगराळ प्रदेश. तिथून तो माणसाच्या हाताने जगभर गेला. क्यूबा या देशाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात बायका या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिकडे सांगतात.

आता लागवड. ही मी जरा सावकाश सांगते, कारण कामाचं इथेच आहे.

लावायची वेळ म्हणजे वळवाच्या एखाद-दोन सरी पडून जमीन मऊ झाली की, म्हणजे मेअखेर ते मृगाचा पहिला आठवडा. गड्डा विकत आणायची गरज नाही. ज्यांच्या परसात जुना सोनटक्का आहे त्यांच्याकडे मागायचा, आणि आपल्याकडे वाढला की आपण दुसऱ्याला द्यायचा. तुकडा बोटभर नको, चांगला वीतभर घ्यावा, आणि त्याला दोन-तीन ठळक डोळे असावेत. कापलेल्या जागेला राख चोळून एक-दोन दिवस सावलीत ठेवावा, म्हणजे जखम सुकते आणि कुजत नाही.

आपली जमीन जांभ्याची. वर वीतभर माती आणि खाली कातळ, अशी गत बऱ्याच ठिकाणी आहे. सोनटक्क्याचं बरं आहे, तो खोल जात नाही. दीड फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा पुरतो. त्यात निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत आणि चुरलेला पातेरा घालावा. गड्डा आडवा ठेवून डोळे वरच्या बाजूला करावेत आणि वर दोन इंचच माती सारावी. खोल पुरला तर तो कुजतो किंवा उशिरा फुटतो. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावं. आणि इमारतीच्या जोत्यापासून दोन फूट सोडूनच लावावा. त्याची मुळं वडा-पिंपळासारखी भिंत फोडत नाहीत, पण भिंतीला टेकून ओली माती ठेवली की घरात ओल येते, मग ती कुठल्याही झाडाची असो. सेप्टिक टँकच्या आणि चेंबरच्या झाकणांवर तर काहीच लावू नये.

पाण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायची. सोनटक्क्याला ओल आवडते, तुंबलेलं पाणी आवडत नाही. आलं-हळदीचा गड्डा जसा साचलेल्या पाण्यात कुजतो, तसाच याचाही कुजतो. आपल्या पट्टीत विहिरीकडच्या टोकाला पाणी साचतं. तिथे वाफा सहा इंच उंच करायचा आणि बाजूने छोटा चर काढायचा. पागोळ्यांचं पाणी थेट गड्ड्यांवर पडून माती वाहून जाते, म्हणून त्या रेषेत फुटके चिरे मांडावेत.

दिवाळीनंतर पाऊस संपला की झाड मंदावतं. पाणी मिळत राहिलं तर पानं हिरवी राहतात, नाही मिळालं तर वाळतात आणि गड्डा जमिनीत झोपून जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेव्हा त्याला झोपू द्यावं. वर जाड पातेरा पसरावा, म्हणजे माती तापत नाही. या पातेऱ्याचं सांगते. दर मार्चमध्ये आपण आंबा-फणसाची पानं गोळा करून कोपऱ्यात जाळतो. धूर वरच्या मजल्यावर जातो, दमा असलेल्यांना त्रास होतो, आणि जमिनीचं सोनं राख होऊन जातं. तीच पानं या वाफ्यावर पसरली तर एका पावसात त्यांचं खत होतं. शेतातल्या भाजावळीची गोष्ट वेगळी, इथे तिची गरज नाही.

एक दांडा एकदाच फुलतो. कणीस संपून दांडा पिवळा पडला की तो जमिनीलगत कापून टाकावा. हे नाही केलं तर जुन्या दांड्यांची गर्दी होते, हवा खेळत नाही, आणि नवे कोंब बारीक येतात. तीन-चार वर्षांनी पूर्ण ठोंब उकरून गड्डे वेगळे करावेत आणि पुन्हा लावावेत. फुलं कमी झाली अशी तक्रार येते, तेव्हा दहातल्या निम्म्या वेळा ठोंब दाटलेला असतो. उरलेल्या वेळा सावली फार गडद झालेली असते. सावलीत वाढणारं झाड म्हणजे काळोखात वाढणारं झाड नव्हे. त्याला झिरपता उजेड हवा, सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं तर फारच छान. फणसाच्या खालच्या दोन-चार फांद्या विरळ केल्या की तेवढं मिळेल. झाड तोडायची काही गरज नाही.

कीड फारशी नाही. पावसात मोठ्या गोगलगायी कोवळे कोंब खातात. त्या संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचाव्यात, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. जमिनीवर मीठ पसरू नये, माती बिघडते. कधी पानाची गुंडाळी झालेली दिसेल. उघडलीत तर आत हिरवट अळी असते. हळदीच्या पानावर येते तीच ही. तिचं पुढे तपकिरी रंगाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. चार पानं गेली तर जाऊ द्यावीत, फवारणी नको. खाली मुलं खेळतात आणि बाजूला विहीर आहे.

सापांचा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्धच आहे. पण फुरसं सोनटक्क्याच्या वासाला येत नाही, ते दगडांच्या फटीत, रचलेल्या चिऱ्यांत आणि विटांच्या ढिगात राहतं. गडग्याला टेकून गेली काही वर्षं पडलेले जुने पाइप, फुटक्या फरशा आणि लाकडं आहेत, ती आधी हलवायला हवीत. वाफा आणि भिंत यांच्यामध्ये दोन फूट मोकळी वाट राहील, आणि पातेरा वाफ्यातच राहील, वाटेवर येणार नाही. ठोंबाचे बुंधे साफ ठेवायचे. रात्री टॉर्चशिवाय जायचं नाही. पावसात काम करताना गमबूट आणि हातमोजे घालायचे. लेप्टोची साथ कोकणात आपण पाहिलेली आहे, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नये. डासांचं म्हणाल तर ते मातीत होत नाहीत, साठलेल्या पाण्यात होतात. त्यांचा कारखाना आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत आहे.

अजून एक इशारा द्यायला हवा, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. सोनटक्का जिथे ओल आणि उजेड भरपूर मिळतो तिथे पसरतो. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर तो ओढ्यांच्या काठी इतका माजला की तिथली स्थानिक झाडं दबून गेली. त्याचाच एक पिवळ्या फुलांचा हिमालयी भाऊ जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडीने काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणून एक नियम पाळायचा: वाफ्यातून काढलेले जादा गड्डे पऱ्यात किंवा रस्त्याकडेच्या ओहोळात टाकायचे नाहीत. कुणाला द्या, नाहीतर उन्हात वाळवून कुजवा. माचाळकडच्या डोंगरांतून उतरणारे आपले ओढे त्यांच्या स्वतःच्या झाडांसाठी राहू देत.

त्या स्वतःच्या झाडांपैकी एक आपण सोनटक्क्याच्या शेजारी लावू शकतो, ते म्हणजे पेव. श्रावणात घाटातून किंवा पाणंदीतून जाताना वळणावळणाने वर चढणारा दांडा, लाल खवल्यांचं बोंड आणि त्यावर चुरगळलेल्या तलम कागदासारखं पांढरं फूल दिसतं, ते पेवाचं. तोही सहा फुटांपर्यंत जातो, सावलीत खूश असतो, आणि तो तर इथलाच. त्याच्या गड्ड्यातून डायोस्जेनिन नावाचं द्रव्य मिळतं, जे औषधी संप्रेरकं बनवायला वापरतात. पण ते कारखान्याचं काम, घरी कुणी काढा करू नये. रानातून अख्खा ठोंब उपटून आणू नये. कुणाच्या वाडीत वाढलेला असेल त्याचा दांड्याचा तुकडा मागून आणावा, दांड्यापासूनही तो फुटतो. समोरच्या रांगेत हळद लावली तर पातोळ्यांना पानं घरचीच होतील. आणि फणसाच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढवता येईल. नारळाखालच्या सावलीत मसाल्याची पिकं घ्यायची, ही भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने रुजवलेली 'लाखी बाग' आपण ऐकून आहोत. आपली बाग लाखाची होणार नाही, पण सावलीसुद्धा जमीनच असते हा धडा तोच आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो फुलांचा नाही, पाण्याचा आहे.

आपल्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर उघड्या जमिनीवर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ३० टँकर. आपली मागची पट्टी साधारण तेवढीच आहे. हे सगळं पाणी जमिनीत मुरतं असं मी म्हणत नाही, बरंचसं वाहूनच जातं. जांभा सच्छिद्र, त्यामुळे मुरलेलं पाणीही लवकर निघून जातं. म्हणूनच तर कोकणात जुलैत पूर आणि मेमध्ये टँकर. पण जे थोडं मुरतं, ते कुठल्या बाजूला मुरतं? आपल्या विहिरीच्या बाजूला. गेली काही वर्षं मे महिन्यात आपल्याला टँकर मागवावा लागतो, तो आकडा जमाखर्चात सगळ्यांनी वाचला आहे. सिमेंटच्या थरावर ब्लॉक बसवले की ही पट्टीही गच्चीसारखी होईल. पावसाचं पाणी सरळ गटारात जाईल, आणि त्याच विहिरीसाठी आपण मेमध्ये पाणी विकत आणू. सोनटक्का लावल्याने विहीर भरेल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण त्याच्या निमित्ताने पट्टी उघडी राहील, माती भुसभुशीत राहील, पातेऱ्याने पाणी थबकेल. विहिरीला तेवढा हातभार तरी लागेल.

चिखलाची तक्रार खरी आहे. प्लंबरला जायला वाट हवी, गॅसच्या पाइपपर्यंत जाता यायला हवं, आणि ज्येष्ठांचा पाय घसरता कामा नये. त्यासाठी पूर्ण पट्टी झाकायची गरज नाही. तीन फुटांची वाट चिऱ्यांची करू, सांध्यांत खडी भरू. वाहनं पुढे उभी राहतात तिथले पेव्हर ब्लॉक आहेत तसे राहू देत, तिथे ते हवेतच.

म्हणून माझी सभेला विनंती अशी आहे. पेव्हरचा ठराव एक वर्ष थांबवावा. विहिरीकडच्या टोकाची फक्त ३० फूट पट्टी आम्हाला, म्हणजे बागेची आवड असलेल्या आठ-दहा जणांना द्यावी. आधी तिथला राबडा उचलायचा, वाट करायची, वाफा उंच करायचा आणि मृगाला गड्डे लावायचे. खर्च शेणखताचा आणि चिऱ्यांचा, तो आम्ही वर्गणीतून करू, सोसायटीच्या खात्याला हात लावणार नाही. पहिल्या वर्षी फुलं थोडी येतील, कारण गड्डा आधी पसरतो आणि मग फुलतो. त्यामुळे निकाल फुलं मोजून लावू नका. पावसात तिथे पाणी किती तुंबतं, वाट घसरते का, डास-साप वाढले का, आणि मे महिन्यात विहिरीची पातळी काय आहे, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहून ठेवू. मुलांपैकी दोघांनी दर रविवारी विहिरीत दोर सोडून पातळी मोजायची, पण मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही. पुढच्या वार्षिक सभेत ती वही तुमच्यासमोर ठेवू. त्यातून पेव्हरच योग्य ठरले, तर पहिला हात वर करणारी मी असेन.

आणखी एक सांगायचं राहिलं. तळमजल्यावर आपले जे ज्येष्ठ सभासद राहतात, त्यांच्यातल्या काहींना आता पुढच्या बागेपर्यंतही जाता येत नाही. त्यांच्या खोल्यांच्या खिडक्या मागेच उघडतात. त्यांना २५ वर्षं आपण गडगा आणि फुटके पाइप दाखवले. ही सोसायटी उभी करायला त्यांनी कर्जाचे हप्ते फेडले, कच्च्या रस्त्यातून चिखल तुडवत इथे राहायला आले, पहिली वर्षं एका नळावर काढली. रौप्यमहोत्सवात आपण त्यांना शाल आणि श्रीफळ देणार आहोत, ते द्यायलाच हवं. पण शाल कपाटात जाते. भाद्रपदातल्या एखाद्या ओल्या संध्याकाळी, पावसाची झड थांबल्यावर, खिडकीतून सोनटक्क्याचा वास आत आला, तर तो सत्कार दरवर्षी होत राहील, आणि त्याला व्यासपीठ लागणार नाही.

ज्यांच्याकडे जुने गड्डे आहेत त्यांनी मेअखेरीस माझ्याकडे निरोप द्यावा. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कुदळ घेऊन यावं. आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी मार्चमध्ये पातेरा जाळू नये, एवढं केलं तरी ते कामात धरू.